दुसऱ्या टायरमधली हवा

अण्णा, टाकीत आत्ता जे बुडबुडे चढताहेत, ती हवा तू भरलेली आहे.

पहिल्या टायरची ट्यूब आज सकाळी फाटली. मी पंप मारत होतो, फट्ट असा आवाज झाला आणि देवघरातून वहिनी धावत आल्या. दुसरा टायर कोपऱ्यात तसाच होता. तू गेलास त्या दुपारी भरलेला, रबरी नळीला चिमटा लावून बंद केलेला. चौदा दिवस मी त्याला हात लावला नव्हता. वहिनी रोज त्याच्यावरची धूळ पुसायच्या, पण चिमट्याकडे त्यांचंही बोट गेलं नाही. आज उघडावा लागला. ही हवा चालू आहे तोवर मी तुझ्याशी बोलणार आहे. ती थांबली की पुढे काय, ते मला ठाऊक नाही.

तेरावं काल आटोपलं. तंजावरची मंडळी संध्याकाळच्या गाडीनं गेली, साक्कोट्टैची आत्या बैलगाडीनं. घरात मी आणि वहिनी. आणि बाहेरच्या खोलीत ही तुझी माशांची चार फुटी टाकी. तिच्याकडे पाठ करून बसावं म्हटलं तरी आवाज येतोच.

तू हसशील, मी पुस्तकी मराठीत लिहितोय. आपल्या घरातल्या तंजावरी बोलीत लिहायला बसलो तर तुझाच आवाज कानात येतो आणि हात थांबतो. पुण्याहून येणाऱ्या मासिकांमधून शिकलेलं हे मराठी परकं आहे, म्हणून त्यात मला सगळं सांगता येईल असं वाटतं. कालव्यावरच्या ओव्हरसियरला अहवाल लिहायची सवय असते, असं तू म्हणशील. म्हण.

तुला काय हवं होतं ते मला उशिरा कळलं. कॉलेजात तू पोरांना प्राणिशास्त्राच्या प्रयोगांत मदत करायचास, आणि तिथल्या काचेच्या बरण्यांत जे काही होतं ते सगळं मेलेलं. स्पिरिटमध्ये पांढरं पडलेलं. तीस वर्षं मी मेलेल्यांची ओळख करून देतोय, असं तू एकदा जेवताना म्हणालास, आणि वहिनींनी ताटावर बसून असलं बोलू नका म्हणून तुला गप्प केलं. त्यानंतर तू समुद्राकाठी मंडपमला गेलास आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून, मातीच्या घागरीत बुडवून, प्रवाळाचा एक जिवंत दगड घेऊन आलास. त्यावर एक समुद्रफूल. फूल कसलं, प्राणीच तो, पण त्याच्या बोटांसारख्या पाकळ्या पाण्यात हलताना पाहिल्या की दुसरं नाव सुचत नसे. आणि त्या पाकळ्यांत राहणारे दोन केशरी मासे. कुंभकोणम्‌मध्ये, समुद्रापासून इतक्या आत, हे एक वर्ष जगवून दाखवायचं, एवढीच तुझी इच्छा. एक वर्ष झालं की पोरांना घरी बोलावणार होतास. चौदा दिवसांपूर्वी त्याला दहा महिने झाले होते.

आत्याला ते पहिल्या दिवसापासून पटलं नाही. दारात उभी राहून ती म्हणाली होती, "समुद्र घरांत आणूं नये, माधवा. त्याची ओल भिंतींत रिघते, मग जात नही." तू तिला नमस्कार केलास आणि तिच्याच हातून टाकीत पहिलं पाणी घालायला लावलंस. तिनं देवघरातल्या तांब्याच्या कलशातून घातलं. प्रवाळ आणण्याआधीची ही गोष्ट; दोन दिवसांत तेव्हाचे खेकडे, शिंपले, सगळं मेलं. तांबं या जिवांना विष असतं हे तुला माहीत होतं, पण आत्याच्या हातातला कलश काढून घ्यायचा कसा, म्हणून तू गप्प बसलास. तुझी ही खोड आहे, अण्णा. माणसाचं मन राखायला तू जीव पणाला लावतोस. त्या वेळी ते जीव खेकड्यांचे होते.

भिंतीला ओल मात्र खरंच आली. टाकीमागच्या चुन्यावर पांढरं मीठ फुटलंय. पुसलं की दोन दिवसांनी पुन्हा येतं. आत्या काल जाताना त्याच्याकडे बघत होती.

फेसाची गोष्ट तुला तरंगंबाडीला सापडली. टाकीसाठी समुद्राच्या पाण्यानं भरण्या भरून घ्यायला आपण गेलो होतो. वारा सुटलेला, आणि काठावर पिवळट फेसाच्या ओळी लागलेल्या. तू ओणवा होऊन फेस ओंजळीत घेतलास, हुंगलास, माझ्याही नाकाशी धरलास. घाण वास. तू खूश. म्हणालास, तुझी वहिनी गुळाच्या पाकावरची मळी काढते ना, तसा समुद्र आपला मळ आपणच काढतो. वारा घुसळतो आणि घाण फेसाबरोबर काठावर येऊन पडते. घरी आल्यावर तू मेजावरच्या रॉकेलच्या दिव्याची काच घेतलीस, पोटाशी फुगीर, वर गळा बारीक. ती टाकीत उभी केलीस, खाली वेताचा तुकडा, वेतातून हवा. बारीक बारीक बुडबुडे काचेत चढले, वर फेस झाला, फेस गळ्यातून बाहेर येऊन पेल्यात पडला. पेल्यात दुसऱ्या दिवशी काढ्यासारखं काळपट पाणी. त्या दिवसापासून टाकीतलं मरणं थांबलं.

घरात वीज होती, पण तिचा तुला भरवसा नव्हता. म्हणून बसचे दोन जुने टायर, ट्यूबसकट. पंपानं भरायचे, चिमटा थोडा सैल करायचा आणि हवा हळूहळू सोडायची. टाकी छोटी होती तोवर एकच टायर लागे, सकाळी भरला की झालं. तुझा दमा होता, पण तेवढं तुला झेपायचं. तो वेळ तुझा असायचा. पंप मारताना तू माशांशी तमिळमध्ये बोलायचास, कारण मराठी त्यांना कळणार नाही अशी तुझी खात्री.

मग उन्हाळा आला, छोट्या टाकीचं पाणी तापायला लागलं, आणि तू मोठी टाकी करायची ठरवलीस. पाणी जास्त असलं की लवकर तापत नाही. काचा जोडायला आपण स्वामीमलैच्या त्या म्हाताऱ्या ओतकाराकडून मूर्तीच्या साच्याचं मेण आणि राळ आणली. त्याला वाटलं आपण देव घडवतोय, त्यानं पैसे घेतले नाहीत. चार फुटी टाकी उभी राहिली, पाणी पहिल्याच्या चौपट, आणि तिथेच आपलं भांडण सुरू झालं.

मी म्हणालो, नळी मोठी हवी. दिव्याच्या काचेचं काम नाही.

अण्णा, मी काही उगाच म्हणालो नव्हतो. कालव्यावर माझी वीस वर्षं गेली. पाणी सोडायची मोरी केवढी करायची हे आम्ही भिजणाऱ्या रानावर ठरवतो. रान चौपट, तर मोरी चौपट. मी कागद घेऊन बसलो, गॅलन मोजले, तुला आकडे वाचून दाखवले. तू ऐकून घेतलंस, आणि मग म्हणालास, "पाण्याचं माप काय काढतोस रे किट्टू. पाण्यांत कोण अहे ते मोज. टाकी चौपट झाली, मासे चौपट झाले का?"

मला राग आला. मी मोजमापातला माणूस, आणि मला माझ्याच मोजमापावर शिकवायचं. मी म्हणालो, तू बरण्यांमधल्या मेलेल्या बेडकांचं बघ. हे मी तुला बोललो होतो. तू हसलास आणि सुपारी कातरायला लागलास.

पुढच्या महिन्यात मद्रासला कामासाठी गेलो, तेव्हा प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून एक रुंद काचेची बरणी आणली, तिचं बूड तिथेच कापून घेतलं. लोणच्याच्या भरणीएवढी रुंद, हातभर लांब, वर नरसाळ्यासारखी चाडी बसवलेली. गाडीत मांडीवर घेऊन आलो. तू ती उजेडात धरून पाहिलीस आणि एवढंच म्हणालास, बेस अहे. त्याच दिवशी तू दिव्याची काच काढून ही बसवलीस. मला वाटलं, पटलं.

त्या नळीत फेस कधी चढलाच नाही. बुडबुडे यायचे, वर फेसाची पातळ साय जमायची आणि तिथल्या तिथे विरायची. पेला कोरडा. मी संध्याकाळी कामावरून आलो की आधी पेला बघायचो. मी सांगितलं, हवा कमी पडतेय. मोरीतून पाणी येत नसलं की आम्ही दार आणखी उघडतो, मला दुसरं काय सुचणार. तू चिमटा सैल केलास. एक टायर दोन तासांत रिकामा व्हायला लागला. तू दिवसातून पाच वेळा, सहा वेळा पंप मारायला लागलास. कॉलेज सुटलं की घाईघाईनं घरी यायचास आणि सदरा न काढता बसायचास. तुझ्या छातीतला आवाज आतल्या खोलीत ऐकू यायचा. पाण्याला दुधासारखी झाक आली. समुद्रफूल अर्धं मिटलं. मी म्हणायचो, अजून हवा पाहिजे.

वहिनी एकदा चुलीपुढून म्हणाल्या, "किट्टू, हे पंप मारतात तेव्हां यांचे ओठ काळे पडतात. बघतोस ना तू?" मी म्हणालो, बघतो. बघत नव्हतो. मी पेला बघत होतो.

आता ते सांगतो, जे अजून कोणाला सांगितलेलं नाही.

त्या सकाळी मला तिरुप्पनंदाळकडच्या पाटावर जायचं होतं. तू नुकताच टायर भरून भिंतीला टेकून बसला होतास, एक हात छातीवर. मी चप्पल घालता घालता पेला पाहिला. कोरडा. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, असं एक एक भरून व्हायचं नाही. दुपारी दुसराही भरून ठेव, संध्याकाळी मी आलो की दोन्ही एकदम सोडू, मग बघू कसा फेस येत नाही ते. तू मान हलवलीस. श्वास लागला होता म्हणून बोलला नाहीस, की बोलायचं नव्हतं, ते मला कळलं नाही. मी निघून गेलो.

चार वाजता आलो तेव्हा दारात चपला होत्या. आत माणसं होती आणि तुला चटईवर ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, छाती आधीच पोखरलेली होती, आज नाही तर सहा महिन्यांनी. लोक रडत होते. मी टाकीकडे पाहत होतो, कारण तिच्यातून बुडबुडे येत होते. तू दुपारी भरलेल्या पहिल्या टायरची हवा होती ती. तू चटईवर आणि तुझी हवा पाण्यात चढतेय. मग ती हळू झाली आणि थांबली, आणि ते माझ्याशिवाय कोणाच्याही ध्यानात आलं नाही. दुसरा टायर कोपऱ्यात टणक भरून होता.

ज्या रात्री तुला नदीकाठी ठेवून आलो, त्याच रात्री मी पहिला टायर पुन्हा भरला. सुतकात माणसानं काय करू नये याची यादी आत्यानं मला वाचून दाखवली. तिचा सल्ला एकच होता: हे सगळं अरसलारात सोडून द्या. मी म्हणालो, नदीच्या गोड्या पाण्यात हे दोन घटका जगणार नाहीत. ती म्हणाली, मग? त्या "मग"चं उत्तर वहिनींनी दिलं. म्हणाल्या, वर्ष पुरं व्हायचंय.

म्हणून तेरा दिवस मी पंप मारला. पिंडाला जाण्याआधी, आल्यावर, लोकांची जेवणं चालू असताना. त्याच नळीत. पाचव्या दिवशी दोनांतला एक मासा तळाशी आडवा मिळाला. मी त्याला मोगऱ्याच्या कुंडीत पुरला. समुद्रफूल आकसून मुठीएवढं झालं. पाण्याला वास यायला लागला, आणि रोज तो थोडा आणखी आत, स्वयंपाकघराकडे सरकतोय असं मला वाटायचं. मला ठाऊक होतं काय करायला हवं, अण्णा. दिव्याची काच लावून बघायला हवी. लावली नाही. तिच्यात फेस चढला असता तर तुला कोणी मारलं ते मला कळलं असतं.

आज ट्यूब फाटली, आणि मी फाटकं रबर हातात घेऊन बसून राहिलो. वहिनी आत गेल्या आणि तुझ्या जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. माझ्यापुढे ठेवलं. दिव्याची काच. धुऊन, पुसून ठेवलेली, वेताचा नवा तुकडासुद्धा कापून बरोबर बांधलेला.

मी विचारलं, हे कधीचं?

"मद्रासची नळी आली त्या आठवड्यांतलं," वहिनी म्हणाल्या. "मी सांगट्लं त्यांना, तीच लावा, कां जीव काढता. ते म्हणाले, किट्टूनं हौसेनं आणलंय, मांडीवर धरून आणलंय. दोन जिवांचा मळ तो केवढा, एवढ्या रुंद नळींत फेस वर येण्याआधीच मोडतो. त्याचं त्याला कळेल, मग तोच काढेल. आपण काढलं तर त्याला लागेल. तुला सांगू नको म्हणून सांगट्लं."

मी विचारलं, मग तुम्ही का नाही सांगितलं?

वहिनींनी मोकळ्या झालेल्या धोतराची घडी घातली. मग म्हणाल्या, "मला वाटलं, तुझ्या ध्यानांत येईल."

त्यांनी यात राग घातला नव्हता, अण्णा. घातला असता तर बरं झालं असतं.

मोठी नळी मी काढली. दिव्याची काच उभी केली, वेत बसवला. हवा नव्हती. वहिनींनी दुसऱ्या टायरकडे पाहिलं आणि म्हणाल्या, उघड. मी म्हणालो, वहिनी, ही त्याची शेवटची आहे. त्या म्हणाल्या, ठेवून काय होणार, रोज थोडी निसटतेच अहे. मी धूळ पुसते तेव्हां हाताला कळतं. म्हणून त्या रोज पुसत होत्या. मी चिमटा सैल केला, अगदी केसभर, तू पहिल्या टाकीत करायचास तेवढाच.

पाऊण तासात फेस काचेच्या पोटात चढला. गळ्यापर्यंत आला, तिथे घट्ट झाला, पिवळा, मग तपकिरी, आणि पेल्यात थेंब पडला. तोच घाण वास. मी ओंजळ करून हुंगला. चौदा दिवसांत रडलो नव्हतो, तेवढं राहिलं होतं ते झालं. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. 

सकाळी नऊला उघडलं होतं. आता दिवेलागण झाली आहे, वहिनींनी तुळशीपाशी पणती ठेवली आणि मी अजून लिहितोय. पेला एकदा ओतून आलो, पुन्हा अर्धा भरलाय. समुद्रफूल उघडलेलं नाही. उरलेला मासा त्याला चिकटून आहे आणि त्याचे कल्ले फार वेगानं हलताहेत. ते जगतील असं मी म्हणणार नाही. वहिनींना 'बघतो' म्हणालो, तेवढं खोटं पुरे. भिंतीवर मीठ पुन्हा फुटलंय, आज दरवाजाच्या चौकटीपर्यंत.

तुझे आभार मानायचे होते. मला लहानपणी पोहायला शिकवलंस, नोकरीचा अर्ज लिहून दिलास, वहिनींच्या हातचं पहिलं वाढप नेहमी माझ्या पानात टाकायला लावलंस. ते सगळं मनात आहे. पण प्रत्येक वेळी आभारापर्यंत गेलो की ती बरणी आडवी येते, आणि तू तिच्यामागून "बेस अहे" म्हणतोस. तू एकदा तरी माझ्यावर ओरडायला हवं होतंस. मी भांडलो असतो, चार दिवस बोललो नसतो, आणि तू असतास.

वहिनींनी आत्ता विचारलं, किती राहिली? मी टायर अंगठ्यानं दाबून पाहिला. अंगठा आत गेला. पुष्कळ अहे, असं मी सांगितलं.

फाटक्या ट्यूबला ठिगळ लावून ठेवलंय, पंप जोडून ठेवलाय. तुझी हवा पूर्ण संपेपर्यंत मी दांडा दाबणार नाही. बुडबुडे आता एकेक येताहेत, मोजता येतात.

सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत, अण्णा. दिव्याच्या काचेला एक टायर अख्खा दिवस पुरतो. दुसरा भरायची गरजच नव्हती. तुला ते माहीत होतं, आणि मी सांगितलं म्हणून तू तो भरलास.